पिवळा दिवा घेऊन वर्ध्याला

वर्ध्याला जाऊन आले म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, आश्रम पाहिला का? नाही पाहिला. मी पाहिलं ते सिंदी मेघेतलं एक घर, सेलूच्या रस्त्याची कड आणि तुरीचं एक शेत. तरी माझ्या मते मी वर्धा चांगला पाहून आले.

जायचं कारण आमच्या मुलाचं. अनिकेत फिजिओथेरपी शिकायला वर्ध्याजवळ सावंगीला होता. तिथं त्याच्या वर्गात प्राची गजभिये होती. तो शिकून पुण्यात नोकरीला लागला, ती सावंगीच्याच इस्पितळात लागली, आणि मागच्या वर्षी त्यानं आम्हाला सांगितलं की लग्न करीन तर हिच्याशीच. गजभिये बौद्ध, आम्ही मराठा. मी दोन दिवस गप्प राहून मग हो म्हटलं. ह्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आमचे हे साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमधून निवृत्त झालेले. घरात दाब वाढला की बोलणं बंद करायचं, ही त्यांची जुनी पद्धत. वर्षभर अनिकेतचा फोन आला की 'आईला देतो' एवढंच म्हणायचे.

आणि डिसेंबरात एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "गाडीनं जाऊ या वर्ध्याला. माणसं तरी बघून येऊ."

अनिकेतला सुट्टी मिळाली नाही. तो म्हणाला, बरंच झालं, मी नसलो तर तुम्ही खरं बोलाल.

नांदेडच्या पुढे

मिरज सोडली तेव्हा रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग होती. कारखान्याचा वजनकाटा ओलांडेपर्यंत आम्ही त्यांच्या मागे रांगत होतो. पुढे सोलापूर, तुळजापूर, लातूर. नांदेडच्या अलीकडे एका ढाब्यावर ह्यांनी गरम वडे पाहिले आणि माझ्याकडे न बघता दोन प्लेट सांगितल्या. मी एक खाल्ला, उरलेले त्यांनी. रात्री नांदेडला मुक्काम केला आणि सकाळी गाडी सुरू केली तर समोर पिवळा दिवा.

हा दिवा नव्या गाड्यांत असतो. मडकं मधून कापल्यासारखं चित्र आणि त्यात उद्गारचिन्ह. कुठल्यातरी चाकात हवा कमी आहे, असा त्याचा अर्थ. ह्यांनी मला पूर्वीच समजावलं होतं की आमच्या गाडीत हवा मोजणारं यंत्र चाकात नसतं. गाडी नुसते चाकांचे फेरे मोजत असते. हवा गेली की चाक किंचित लहान होतं, लहान चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं, आणि गाडीला संशय येतो. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला खाली एक बटण आहे. चारी चाकांत बरोबर हवा भरायची आणि ते दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं. म्हणजे गाडी समजते, आत्ता आहे हे बरोबर, इथून पुढे ह्याच्याशी ताडून बघायचं.

ह्यांनी पंपावर हवा भरली, बटण दाबलं, दिवा गेला. यवतमाळच्या पुढे घाटात पुन्हा लागला. पुन्हा हवा भरली, पुन्हा बटण. देवळीजवळ तो परत आला तेव्हा हे चिडले. "इकडच्या रस्त्यांनी सिस्टीम बिघडवली," म्हणाले. रस्ता तर आमच्याकडच्यापेक्षा चांगला होता. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, पांढरी फुटलेली. आमच्याकडे या दिवसांत सगळं हिरवंगार, उसानं क्षितिज झाकलेलं. इथं नजर लांबवर जाते आणि तिला अडवायला एखादं पळसाचं झाड. मला ते फार आवडलं. ह्यांना दाखवायला गेले तर ते दिव्याकडे बघत होते. एक हात पोटावर होता.

"दुखतंय का?"

"काही नाही."

सिंदी मेघे

गजभियांचं घर वर्ध्याला चिकटूनच असलेल्या सिंदी मेघेत. फाटकाशी दोघं उभी होती. गजभिये कृषी खात्यात अधिकारी, उंच, स्वेटरवर दुपट्टा टाकलेले. सुनंदाबाई पोस्टात काम करतात. ठेंगण्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. गजभियांनी हात जोडून "जय भीम" म्हटलं. हे "नमस्कार" म्हणाले. मीही तेच म्हटलं आणि मग उगाच वाटलं, दुसरं काही म्हणायला हवं होतं का.

आत बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्यासमोर ताजी शेवंती. चहाबरोबर गोरसपाक आला, वर्ध्याचं तुपातलं जाड बिस्कीट, तोंडात घातलं की भुगा होतो. प्राची ड्युटीवरून आली, वाकली, तिनं प्रवासाची चौकशी केली. गजभिये खात्यातलं मराठी बोलत होते, पण सुनंदाबाई आल्या की त्यांच्याही बोलण्यात वऱ्हाडी शिरत होती.

रात्रीच्या जेवणाला सुनंदाबाईंनी पाटवडीचा रस्सा केला होता. वर लाल तर्री, बाजूला ज्वारीची भाकरी, तुरीच्या हिरव्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची भाजी, आणि ठेचा. आम्ही कोल्हापूरकडची माणसं तिखटाचा अभिमान धरतो, पण तो रस्सा जिभेवर चढला तसा माझा अभिमान उतरला. मी पाणी प्याले आणि पुन्हा मागून घेतला.

ह्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट पुढे सारलं. "भूक नाही फारशी," म्हणाले.

"थोडं तं घ्या जी," सुनंदाबाई म्हणाल्या. "बिनतिखटाचं करून देऊ का काही?"

"नको, नको. खरंच नको."

त्यांनी ताट उचललं. भरलेलं ताट उचलताना त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटलं, ते मी पाहिलं. सकाळी तर कहर झाला. त्यांनी तांब्या-भांडं समोर ठेवलं, आणि हे गाडीतून आमचा थर्मास घेऊन आले आणि त्यातलं जिऱ्याचं पाणी प्यायला लागले. मीच ते नांदेडला भरून घेतलं होतं, त्यांचं पोट जरा निवावं म्हणून. सुनंदाबाई थर्मासकडे बघत राहिल्या. मग भरलेला तांब्या तसाच आत घेऊन गेल्या.

मला उठून आत जावंसं वाटत होतं. सांगावंसं वाटत होतं, अहो, त्यांचं पोट बिघडलंय, दुसरं काही नाही. पण पाय उचलेना. कारण दुसरं काही नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं. ज्या माणसानं वर्षभर मुलाशी धड बोलणं ठेवलं नाही, त्याच्या मनातलं मी कुणाला काय खात्रीनं सांगणार होते?

सेलूचा रस्ता

त्या दिवशी सेलूच्या अलीकडे त्यांचं शेत बघायला जायचं ठरलं होतं. प्राची सावंगीला ड्युटीवर गेली. आम्ही चौघं आमच्या गाडीत. थंडी चांगली होती, काचांवर दव. गाडी सुरू केली आणि दिवा होताच.

"हवा पाहून घ्यायची का?" गजभियांनी विचारलं.

"काल दोनदा भरली. सिस्टीमच खराब आहे." असं म्हणून ह्यांनी हवा न भरताच बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकला आणि विझला. "आता नाही त्रास देणार."

पुढे दोघे पुरुष, मागे आम्ही दोघी. मी पऱ्हाटीबद्दल विचारलं, सुनंदाबाईंनी नेमकं उत्तर दिलं आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. पवनारचा पूल मागे पडला. रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, कापूस बाहेर ओसंडून कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लागलेले. समोर दिवा बंद, पण गाडी डावीकडे ओढत होती, आणि माझ्या बाजूच्या मागच्या चाकातून थप थप असा आवाज यायला लागला.

"विश्वासराव, थांबवा जी," गजभिये म्हणाले.

"दिवा तर नाही..."

"दिव्याले सोडा. आवाज होऊन राह्यला."

उतरून पाहिलं तर चाक जमिनीवर पसरलं होतं. हे त्याच्याकडे बघत उभे राहिले. दाबाच्या काट्यांकडे बघत ज्यांनी सगळी नोकरी केली, त्यांना काय झालं ते सांगावं लागलं नाही. "हवा नसताना मीच बटण दाबलं," ते हळू म्हणाले. "हेच बरोबर म्हणून सांगितलं गाडीला. मग ती कशाला दिवा लावतेय!"

गजभियांनी स्वेटर काढून कुंपणावर टाकलं आणि डिकी उघडली. दोन साठीच्या आसपासचे पुरुष जॅक लावायला वाकले की त्यांच्या बायकांना काय वाटतं ते बायकांनाच ठाऊक. एकाचे गुडघे वाजत होते, दुसऱ्याची कंबर. नट इतके घट्ट की पाना हलेना. शेवटी गजभिये पान्यावर उभे राहिले, हे त्यांना दंडाला धरून तोलत होते, आणि कर्रकन आवाज करून पहिला नट सुटला. दोघंही हसले. चोवीस तासांत ह्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

चाक निघालं. गजभियांनी ते फिरवून पाहिलं आणि बोट ठेवलं. रबरात एक खिळा रुतलेला, चपटा, डोकं झिजून चकचकीत झालेलं.

"बैलाच्या नालाचा," ते म्हणाले.

ह्यांनी वाकून पाहिलं आणि कान पकडला. "हा आमच्याकडचा. कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्यांच्या मागे होतो तेव्हा घुसलेला असणार. डोकं बघा किती झिजलंय. लांबून आलाय."

"म्हणजे मिरजेहून आणला म्हणा आमच्यासाठी," गजभिये म्हणाले.

"आणि मी तुमच्या रस्त्यांना शिव्या दिल्या."

तेव्हा सुनंदाबाई पुढे आल्या. इतका वेळ त्या पऱ्हाटीच्या कडेला पाठ करून उभ्या होत्या.

"भाऊ, एक गोष्ट विचारू? राग नका धरू. काल तुमी जेवले नाई. आज सकाळी घरचं पानीबी नाई घेतलं. आपली बाटली आणली. काऊन जी?"

"सुनंदा," गजभिये म्हणाले.

"नाई, विचारू द्या मले. पोरगी द्याची हाय. मले मालूम पाह्यजे."

ह्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ते आधी हात पुसायला लागले, मग थांबले. "नांदेडच्या अलीकडे वडे खाल्ले. तेव्हापासून पोट नुसतं जळतंय. बाटलीत जिऱ्याचं पाणी होतं. पहिल्यांदा तुमच्या दारात आलो आणि पोट बिघडलं म्हणून सांगायचं... लाज वाटली हो."

"एवढंच?"

एवढंच, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, एवढंच म्हणा आणि विषय संपवा.

"पोटाचं खरं आहे," ते म्हणाले. "पण एवढंच म्हटलं तर खोटं होईल. अनिकेतनं सांगितलं तेव्हापासून मी त्याच्याशी नीट बोललो नाही. भावकी काय म्हणेल, माझ्या भावांना काय सांगू, रोज हेच डोक्यात. तुमच्या घरचं पाणी चालत नाही असलं मनात कधी आलं नाही, हे तुम्हाला शपथेवर सांगतो. पण जे होतं तेही काही चांगलं नव्हतं."

रस्त्यानं एक ट्रक गेला.

"मंग आता?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"आता इथं आलोय. मला कुणी पाठवलं नाही."

"ते दिसून राह्यलं. पण माह्या पोरीले तुमच्या भावकीतलं कोणी काई बोललं तं? आज नाई, दहा वर्सांनी. एखाद्या बारशात, एखाद्या पंगतीत. तवा तुमी काय कराल?"

माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ह्यांना इतका सरळ प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता.

"बोलणाऱ्याला मी उत्तर देईन," ते म्हणाले. "सगळ्यांच्या समोर देईन. तिला द्यावं लागणार नाही."

"तिले येते जी उत्तर देता," गजभिये म्हणाले. "तिच्या मायसारखीच हाय."

सुनंदाबाईंच्या ओठांना जरा वळण पडलं. डोळे मात्र भरले होते. "तिले येते. तरीबी पह्यले तुमी द्याजो."

"देईन."

"मंग नट आवळा आता. ऊन वर येऊन राह्यलं."

मी बाजूला होऊन डोळे पुसले. सुनंदाबाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमी तं सांगाचं होतं मले पोटाचं."

"धीर झाला नाही," मी म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

स्टेपनी लावून सेलूला गेलो, चाक दुरुस्त करून घेतलं आणि शेतावर आलो. आमच्याकडे शेतावरचं जेवण म्हणजे घरून बांधून आणलेलं. इथं शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे पुरतात, त्याचे रोडगे होतात. वांगी तिथंच भाजतात. बेत तोच होता. पण सुनंदाबाईंनी आधी तीन दगडांवर पातेलं चढवून ह्यांच्यासाठी तांदळाची पेज केली आणि चिमूटभर मीठ घालून वाडगा हातात दिला. "हे सगळं संपवाचं. लाजाचं काम नाई."

ह्यांनी बांधावर बसून वाडगाभर पेज प्यायली, विहिरीचं पाणी प्यायलं, आणि मग मी नको म्हणत असताना अर्धा रोडगा वांग्याच्या भरतात बुडवून खाल्ला. गजभिये त्यांना तूर दाखवत होते, ह्यांनी उसाच्या रसाच्या दाबाचं काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. परतताना दोघंही पुढे बसून एकाच वेळी बोलत होते. दिवाळीत पाहुण्यांनी भरलेल्या घरात असतो तसा गोंगाट. त्याच संध्याकाळी चहावर ठरलं, लग्न वर्ध्यातच, बौद्ध पद्धतीनं, आणि जेवण मिरजेत. अनिकेतला फोन ह्यांनी स्वतः लावला. दार लोटून घेतलं होतं, त्यामुळे काय बोलले ते मला सांगता येणार नाही.

रविवार

दुसऱ्या दिवशी रविवार होता, प्राचीला सुट्टी. सकाळी गाडी अंगणात गारठून उभी होती. गजभियांनी शेजाऱ्यांकडून गाडीच्याच विजेवर चालणारा छोटा हवेचा पंप आणला. दुरुस्त केलेलं चाक जागेवर आलं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर कुठल्या चाकात किती हवा ते लिहिलेलं असतं. ते प्राचीनं मोठ्यानं वाचलं आणि हे एकेक चाक भरत गेले. चाकं थंड असतानाच हवा मोजायची, ते सांगत होते. धावून तापलेल्या चाकात दाब चढलेला दिसतो, आपण फसतो. मग ते आत बसले आणि बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकला आणि गेला.

"झालं?" प्राचीनं विचारलं.

"अजून नाही. आता ती जरा एका चालीनं चालवायला हवी. चारी चाकं ठीक असताना कशी फिरतात ते तिला शिकू दे."

"मंग जाऊ ना काका, सेलूकडे."

हे खाली उतरले आणि किल्ली तिच्यापुढे धरली. "चालव."

मी बघतच राहिले. ही गाडी अनिकेतनंही मिरजेच्या बाहेर चालवलेली नाही. मी तर विचारणंही सोडून दिलं आहे. आणि चालकाच्या शेजारी बसले की हे ब्रेकच नसलेल्या जागी ब्रेक दाबत असतात, म्हणून त्यांच्या भावांनी त्यांना बरोबर न्यायचं बंद केलं आहे.

प्राचीनं आरसे सारखे केले, सीट पुढे घेतली. गजभिये, सुनंदाबाई आणि मी मागे. तिचं चालवणं शांत होतं. कापसाच्या गाडीला तिनं हॉर्न न देता वाट दिली. पवनार आलं. हे सुरुवातीला "बरोबर, बरोबर" म्हणत होते. मग रस्ता सरळ झाला, उजवीकडून ऊन काचेतून त्यांच्या मांडीवर पडलं, आणि थोड्या वेळानं मला जाणवलं, ते काही बोलत नाहीत. मी वाकून पाहिलं. मान खिडकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं. झोपले होते.

वर्षभरात ते रात्री किती वेळा उठून ओसरीवर बसत, ते मला ठाऊक आहे. सुनंदाबाईंनी पुढे हात घालून रेडिओ बंद केला. गजभिये काहीतरी सांगणार होते, त्यांनी ते कुजबुजत सांगितलं आणि मग तेही गप्प झाले. सेलूहून प्राचीनं गाडी वळवली, इतक्या अलगद की त्यांची मानही हलली नाही.

दिवा लागला नाही. सिंदी मेघेचं वळण दिसायला लागलं. प्राचीनं वेग कमी केला, इंडिकेटर दिला, शेजारी झोपलेल्या ह्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ सावंगीच्या रस्त्यानं पुढे नेली.